काळाचे मोजमाप आणि आपले देवस्थान

(देवस्थानच्या वर्धापनदिनानिमित्त महाजनांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



श्रींच्या वर्धापनदिनी या सभामंडपात चार शब्द बोलण्याची आज्ञा समितीने मला केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. या जागी आजवर शास्त्री, कीर्तनकार, प्राध्यापक अशी विद्वान मंडळी उभी राहिली. मी एक निवृत्त कारकून. आलेल्या कागदावर क्रमांक आणि तारीख घालावी, तो जागच्या जागी ठेवावा आणि कोणी मागितला तर काढून द्यावा, एवढ्यातच माझे आयुष्य गेले. लिसेवमध्ये शिकल्यामुळे जुना पोर्तुगीज कागद वाचता येतो, ही काय ती माझी शिदोरी. तेव्हा 'गतकाळ मोजण्याची शास्त्रीय साधने' हा विषय ऐकून, कारकुनाने हा अव्यापारेषु व्यापार का करावा, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. त्याचे कारण आधी सांगतो.

या स्मरणिकेसाठी देवस्थानचा संक्षिप्त इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मसुद्याच्या पहिल्याच वाक्यावर आमची बैठक अडली. एका सन्माननीय महाजनांचा आग्रह होता की 'सुमारे दीड हजार वर्षांचे हे पुरातन देवस्थान' असे लिहावे. आमच्यात सर्वांत ज्येष्ठ असलेल्या दादांना दीड हजार थोडे वाटले. त्यांनी दोन हजार सुचविले. आधार काय, असे मी विचारले. "आमचे आजोबा सांगत," असे उत्तर मिळाले. तेव्हा मुंबईत नोकरीला असलेले एक तरुण महाजन म्हणाले, "भाऊ, वाद कशाला? हल्ली कार्बन डेटिंग करतात. मूर्तीचा एक कण पाठवू, उत्तर येईल." सर्वांना ते पटले. प्रवेशद्वारावर बसवायच्या संगमरवरी फलकावरही येईल तोच आकडा कोरायचा, असे ठरू लागले. मला मात्र हो म्हणवेना आणि नाही म्हणण्याइतके ज्ञानही नव्हते. म्हणून सहा महिने मी या विषयावर मिळेल ते वाचले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो. आणि वाचता वाचता माझ्या हातून पूर्वी घडलेली एक चूक ध्यानात आली, तीही शेवटी सांगतो.

प्रथम ही पद्धत काय आहे ते पाहू. आकाशातून पृथ्वीवर विश्वकिरणांचा अखंड वर्षाव होत असतो. त्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन नावाचे कण मोकळे होतात. ते नायट्रोजनच्या अणूवर आदळले की त्यापासून कार्बनचा एक जड प्रकार तयार होतो. त्यालाच कार्बन-१४ म्हणतात. १९४० साली मार्टिन केमन आणि सॅम रूबेन या दोघा शास्त्रज्ञांनी अमेरिकेत बर्कले येथे तो शोधून काढला. नेहमीचा कार्बन स्थिर असतो. हा मात्र किरणोत्सर्गी, म्हणजे सावकाश झिजून नाहीसा होणारा. हवेत त्याचे प्रमाण अत्यल्प आहे. एक लाख कोटी अणूंमागे जेमतेम एक.

झाडे हवेतून कार्बन घेतात, गुरे झाडपाला खातात आणि आपण धान्य, फळे, दूध घेतो. अशा रीतीने प्रत्येक जिवाच्या देहात कार्बन-१४ येत राहतो आणि झिजतही राहतो. कारकुनाच्या भाषेत सांगायचे तर जीव आहे तोवर जमा आणि खर्च दोन्ही चालू असतात, त्यामुळे शिल्लक सारखी राहते. मृत्यू आला की जमा बंद होते आणि खर्च तेवढा चालू राहतो. ५७३० वर्षांत निम्मा उरतो. आणखी तितक्याच वर्षांत उरलेल्याचा निम्मा, म्हणजे चौथाई. सुमारे पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याजोगे काही राहत नाही. आज शिल्लक किती आहे हे मोजले की खाते कधी बंद झाले ते कळते.

ही युक्ती शिकागो विद्यापीठातील विलर्ड लिबी यांना सुचली आणि १९४९ साली त्यांनी तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मला विशेष आवडली ती त्यांची रीत. अज्ञात वस्तू हाती घेण्यापूर्वी त्यांनी ज्यांचे वय आधीच ठाऊक होते अशा वस्तू मोजल्या. इजिप्तच्या झोसर राजाच्या पिरॅमिडमधील लाकूड, वर्तुळे मोजून वय ठरविलेले वृक्ष, अशा. ताळा जमला तेव्हाच ते पुढे गेले.

तरीही लिबींचे एक गृहीत पुढे चुकीचे ठरले. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखेच असते, असे त्यांनी धरले होते. वस्तुतः ते शतकाशतकाला थोडे वरखाली होत आले आहे. वृक्ष दरवर्षी एक वर्तुळ धरतो, हे आपण जाणतोच. अतिप्राचीन वृक्षांची वर्तुळे एकेक करून मोजून शास्त्रज्ञांनी कोणत्या काळी हवेत किती कार्बन-१४ होता याचा तक्ता तयार केला. आज प्रयोगशाळेत निघालेला आकडा त्या तक्त्याशी ताडून मगच सन ठरवितात. तक्ता अधूनमधून सुधारला जातो. २०२० साली त्याची नवी आवृत्ती निघाली. आमच्या कचेरीत चुकीची नोंद खोडून काढण्यास बंदी असे. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी आणि सही करावी, असा दंडक होता. शास्त्राची वही त्याच रीतीने चालते, हे पाहून मला परके वाटले नाही.

यावरून आमच्या तरुण मित्राच्या सूचनेचे काय होते ते पाहा. ही पद्धत केवळ कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूला लागू पडते: लाकूड, कोळसा, धान्य, हाड, कापड, ताडपत्र, कागद. पाषाण आणि धातू यांना ती लागू नाही. मूर्तीचा कण पाठविला तर मूर्ती खंडित होईल आणि उत्तर मात्र येणार नाही. कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या खडकावर कोरलेली चित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. ती प्राचीन आहेत यात शंका नाही, परंतु त्या कोरीव रेघांत मोजण्यास कार्बन नाही. शिरोड्याला सापडलेला भोज राजा देवराज याचा ताम्रपट इसवी सनाच्या सुमारे चौथ्या शतकातील मानतात तो अक्षरांच्या वळणावरून.

दुसरी गोष्ट अशी की लाकडाचे जे वय निघते ते झाडाचे. सुताराच्या कामाचे नव्हे. त्यातही झाडाच्या गाभ्यातील वर्तुळे सालीलगतच्या वर्तुळांहून शेदोनशे वर्षांनी जुनी असू शकतात, कारण आतला भाग केव्हाच नवा कार्बन घेईनासा झालेला असतो. शिवाय आपल्याकडे जुन्या घराची तुळई नव्या घराला वापरण्याची चाल आहे. तेव्हा तुळईचे वय कळले म्हणजे घराचे वय कळले, असे होत नाही. आणि तिसरी गोष्ट, उत्तर अमुक एक सन असे येत नाही. या सनापासून त्या सनापर्यंत केव्हातरी, आणि तेही इतक्या संभाव्यतेने, असे येते.

मग या पद्धतीचा उपयोग तरी काय, असे कोणी विचारील. उपयोग फार मोठा आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात आहे. पूर्वी तेथील सलग इतिहास सातवाहनांपासून सुरू होई. त्याआधी अश्मयुगातील हत्यारे आणि मध्ये हजारो वर्षांचा काळोख. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी प्रवरेकाठी जोर्वे येथे उत्खनन केले, तेव्हा तांबूस रंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली सुबक खापरे आणि तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या. पाठोपाठ नेवासे आणि अहिल्याबाईंच्या महेश्वरासमोर नर्मदेच्या दुसऱ्या तीरावरील नावडातोली येथे अशाच वसाहती निघाल्या. परंतु हे लोक कोणत्या काळचे? लेख नाही, नाणे नाही, राजाचे नाव नाही. खापरांच्या तुलनेवरून अंदाज बांधावे आणि ते शतकानुशतके चुकावेत, अशी स्थिती होती.

तेथे उपयोगी पडला तो चुलीतील कोळसा. नावडातोलीचे नमुने अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाकडे पाठविण्यात आले. पुढे साठीच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच प्रयोगशाळा चालू झाली आणि नंतर ते काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ पासून एका तपाहून अधिक काळ जे उत्खनन चालले, त्यात डॉ. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांनी घरोघरीचे थर वेगळे काढले आणि प्रत्येक थरातील जळके अवशेष जपले. त्यावरून या गावाची तीन पर्वे निश्चित झाली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून १४०० पर्यंत पहिले, १४०० पासून १००० पर्यंत दुसरे आणि १००० पासून ७०० पर्यंत तिसरे. आजच्या शिरूर तालुक्यात साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसे जव पेरीत होती, पाटाने पाणी खेळवीत होती आणि आपली मेलेली मुले मातीच्या दोन रांजणांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत होती. एकही अक्षर मागे न ठेवलेल्या त्या लोकांना इतिहासात जागा मिळाली ती चुलीच्या राखेमुळे. आणि ती राख कोणत्या थरातली आहे हे कोणीतरी लिहून ठेवले, त्यामुळे.

हे दुसरे वाक्य किती महत्त्वाचे आहे ते त्याच प्रवरेच्या काठी दायमाबादला कळते. १९७४ साली तेथे एका शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार मूर्ती मिळाल्या: बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. अशा भव्य प्राचीन धातुमूर्ती भारतात विरळाच. परंतु धातूला कार्बन नाही, आणि त्या पद्धतशीर खोदकामात, थराची नोंद होऊन मिळाल्या नव्हत्या. नंतर तेथे मोठे उत्खनन झाले, आणि काही विद्वानांनी त्या उत्तर-हडप्पा काळातील ठरविल्या. तर धातूच्या रासायनिक घटकांवरून दुसऱ्यांनी त्या इतक्या जुन्या असण्याविषयी शंका घेतली. मूर्ती आपल्यासमोर आहेत, सुंदर आहेत. वाद मात्र मिटला नाही. त्यापुढे इनामगावचा मूठभर जळका जव अधिक बोलका ठरला.

आता श्रद्धेशी निगडित वस्तूंकडे येतो, कारण आपला प्रश्न त्या जातीचा आहे. इटलीतील तुरीन येथे एक तागी वस्त्र आहे. ते येशू ख्रिस्ताच्या देहाभोवती गुंडाळलेले वस्त्र होय, अशी अनेकांची श्रद्धा आहे. १९८८ साली तेथील धर्मपीठाने त्याचा लहानसा तुकडा कापून ऑक्सफर्ड, झुरिच आणि अमेरिकेतील ॲरिझोना अशा तीन प्रयोगशाळांना देऊ केला. तिघांचे उत्तर जुळले: कापडाचा ताग इसवी सन १२६० ते १३९० या दरम्यानचा. हे उत्तर लपविले गेले नाही. तुरीनच्या कार्डिनलनी स्वतः ते जाहीर केले. त्यावर आजही वाद घालणारे आहेत. मला येथे दिसतो तो त्या धर्मपीठाचा धीर. प्रश्न विचारला, तो आपल्या मनासारखे उत्तर येईल या भरवशावर नव्हे, आणि आलेले उत्तर जगाला सांगितले. भाविक आजही त्या वस्त्राच्या दर्शनाला जातात.

दुसरे उदाहरण तर आपल्या घरचेच, जुन्या गोव्याचे. जॉर्जियातील काखेतीची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणच्या शाह अब्बासच्या आज्ञेने शिराझ येथे हालहाल करून मारण्यात आले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्याला आणला. त्यांच्या मठात, अमुक खिडकीजवळ, दगडी पेटीत तो ठेवला आहे, असे एका पोर्तुगीज लेखात नमूद होते. पुढे मठ ओस पडला, छत कोसळले, १९३१ साली मनोऱ्याचाही मोठा भाग ढासळला आणि खिडकी कोठली, भिंत कोठली हेही कळेनासे झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने अनेक वर्षे ढिगारे उपसले, तेव्हा २००४ च्या सुमारास हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात त्याची आनुवंशिक तपासणी झाली. मातृवंशाची जी खूण मिळाली ती भारतीय लोकांत आढळली नाही; जॉर्जियात मात्र आढळते. २०२१ च्या जुलैत भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला. येथे लक्षात घ्या की नुसता लेख असता तर हाड कोणाचे हे सिद्ध झाले नसते. आणि नुसते हाड असते तर प्रयोगशाळेला कोणाचा शोध घ्यायचा हेच कळले नसते.

आता आपल्या देवस्थानाकडे वळू. आपण 'देवस्थान किती जुने?' असे विचारतो तेव्हा एकात चार प्रश्न मिसळतो. दैवताची उपासना किती जुनी? मूर्ती किती जुनी? या जागी ते केव्हापासून? आणि ही वास्तू केव्हाची? इतरत्र या चारांचे उत्तर कदाचित एक येईल. गोव्यात ते येत नाही. सोळाव्या शतकात साष्टी, तिसवाडी, बारदेशातील देवळे पाडली जाऊ लागली. १५६६-६७ मध्ये तर साष्टीत हे काम सरसकट झाले. त्या धामधुमीत आपल्या पूर्वजांनी दैवते उचलून नदीपलीकडे अंत्रुजात आणली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास. आपल्या श्रींचेही तेच झाले. आरंभी गवताने शाकारलेल्या झोपड्या. पक्की देवळे पुष्कळ नंतर. कवळ्याचे आजचे मंदिर छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने झाले ते अठराव्या शतकात. म्हणजे दैवत एका काळचे, जागा दुसऱ्या आणि वास्तू तिसऱ्या.

यांपैकी वास्तूचे वय तरी कार्बनने कळेल का? चारशे वर्षांत कार्बन-१४ च्या शंभर भागांपैकी जेमतेम पाच झिजतात. शिवाय १६५० नंतरच्या काळात हवेतील प्रमाण असे हेलकावत राहिले की एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळे कालखंड जुळतात. १६७० चे लाकूड आणि १८०० चे लाकूड यांत फरक करणे या पद्धतीला अतिशय अवघड जाते. पुढे कारखान्यांच्या कोळशामुळे हवेत निर्जीव कार्बन मिसळला आणि १९५० नंतर अणुचाचण्यांमुळे उलट कार्बन-१४ वाढला. आपल्या भिंतींतील चुन्याचीही एक गंमत आहे. चुना भिजवून भिंतीत घातला की तो घट्ट होताना हवेतील कार्बन शोषतो, म्हणून त्यावरून बांधकामाचा काळ काढता येतो. परंतु आपला चुना शिंपल्यांचा. समुद्रातील कार्बन जुना असल्याने जिवंत शिंपलीसुद्धा कार्बनच्या हिशेबाने सुमारे चारशे वर्षांची भरते. नीट न भाजलेला शिंपल्याचा एखादा तुकडा नमुन्यात राहिला तर कालच्या भिंतीला फुकटचे पुरातनत्व प्राप्त व्हावयाचे!

म्हणजे जो काळ आपल्याला सर्वांत जवळचा, देव आणल्यापासून आजपर्यंतचा, त्यातील शेवटच्या साडेतीनशे वर्षांसाठी कार्बन फारसे बोलत नाही. तेथे बोलतात ते कागद. १५६७ च्या साष्टीच्या फोरालात गावोगावच्या देवळांच्या जमिनी नोंदल्या आहेत. ज्यांनी देवळे पाडली त्यांनीच ती कोठे होती हे लिहून ठेवले. पणजीचे दप्तरखाने १५९५ पासूनचे आहे, आणि डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या आपल्या माणसाने हयात घालून त्यातील कागद जगापुढे आणले. शिवाय मोडी सनदा, नवीन काबिजादीतील गावांचे दाखले, १९३३ च्या महाजनी कायद्यानंतरच्या सभांचे वृत्तान्त, आणि आपल्या घरोघरी फडताळात बांधून ठेवलेली दफ्तरे. हजारो वर्षांपूर्वीच्या मुक्या काळासाठी कोळसा आणि अलीकडच्या काळासाठी कागद, अशी ही वाटणी आहे. दोन्ही जपणारा कोणीतरी लागतो.

आणि येथेच मला माझी चूक सांगायची आहे. मागील जीर्णोद्धाराच्या वेळी मी समितीचा चिटणीस होतो. जुन्या सभामंडपाचे कोरीव खांब, तुळया, पाटाया उतरवून अंगणात रचल्या होत्या. त्यांचे काय करावे, असे विचारले गेले. वहीत मी माझ्या हाताने लिहिले, 'जुने लाकूड निरुपयोगी, विल्हेवाट लावावी,' आणि खाली सही केली. काही लाकूड विकले गेले; उरलेले प्रतिष्ठेच्या समाराधनेला चुलीत गेले. त्या दिवसांचे भोजन आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल.

याहून मोठी गोष्ट दुसरी. गर्भकुडीलगतची जमीन खणताना दोन हात खोलीवर गवंड्याला कोळशाचा काळा पट्टा लागला. त्याने मला बोलावून दाखविला. "जुन्या चुलीची राख असेल, भर घाला," असे मी म्हणालो. तो पट्टा पहिल्या झोपडीचा होता, की ती कधी जळली त्याचा होता, की आपले श्री येथे येण्यापूर्वी या जागी राहणाऱ्या कोणाच्या चुलीचा होता, हे आता कळण्याचा मार्ग नाही. जर तो १६५० पूर्वीचा असता तर कार्बनने बोलला असता. त्यावर आज संगमरवरी फरशी आहे. त्या वेळी कोणी मला अडविले नाही, हे खरे. परंतु आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद जपणाऱ्या माणसाला आपल्या देवळातील सर्वांत जुना दस्तऐवज हातात आलेला ओळखता आला नाही, याचे दुःख मला आहे.

सुदैवाने एक गोष्ट वाचली आहे. अग्रशाळेच्या मागच्या खोलीत भांड्यांच्या फळीखाली टेकू म्हणून लावलेला लाकडाचा तुकडा जुन्या मंडपाच्या तुळईचा आहे. मी तो निरखून पाहिला. एका टोकाला सालीलगतचा भाग अजून शाबूत आहे. म्हणजे झाड तोडले त्या वर्षाच्या जवळचा कार्बन त्यात आहे. आजच्या यंत्रांना तांदळाच्या दाण्याएवढा नमुना पुरतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत आणि दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात अशी मोजमापे होतात. उत्तर कदाचित मोघम येईल, हे मी वर सांगितलेच आहे. म्हणून तो आजच पाठवा, असे मी म्हणत नाही. माझ्या विनंत्या साध्या आहेत. तो तुकडा तेथून काढून कोरड्या जागी ठेवावा. त्याला पॉलिश, तेल, वाळवीचे औषध काही लावू नये, कारण त्यातील कार्बनही मोजणीत घोटाळा करू शकतो. तो कोठला, कोणी काढला, केव्हा काढला हे वहीत लिहावे. पुढे केव्हाही जमीन खणताना कोळसा, खापर, हाड लागले तर काम एक दिवस थांबवून राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे. आणि ज्यांच्या घरी देवस्थानचे जुने कागद आहेत त्यांनी ते नकलेसाठी द्यावेत. मूळ कागद ज्याचा त्याला परत मिळेल, याची हमी मी घेतो. वाचून देण्याचे कामही माझ्याकडे द्या, दृष्टी आहे तोवर करीन.

राहिला तो फलक. समितीने मान्यता दिल्यास त्यावर आकडा न घालता मी एवढेच लिहावे म्हणतो: श्रींचे मूळ स्थान कोणते, सोळाव्या शतकातील स्थलांतर, या वास्तूच्या उभारणीचा आणि जीर्णोद्धारांचा कागदोपत्री मिळणारा सन. जेवढे दाखविता येते तेवढे.

हे सर्व मी परवा दादांना वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "म्हणजे भाऊ, माझ्या दोन हजार वर्षांचे देव आता लहान झाले का रे?" मी म्हटले, दादा, आपल्या पूर्वजांनी घरदार, शेतवाडी मागे टाकली आणि देव तेवढा बरोबर घेतला. तो किती वर्षांचा आहे हे त्यांनी विचारले नव्हते. दोन हजारांचा असता म्हणून अधिक जोराने धावले असते, असेही नाही. आपण ज्या गोष्टीचा अभिमान बाळगावा ती ही आहे, आणि तिचा सन आपल्याजवळ आहे. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या माळ्यावर आजोबांची एक पेटी आहे. मोडी आहे सगळे. पाहून जा."

ती पेटी मी अजून उघडलेली नाही. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत तिच्यात काय निघाले ते आपल्यापुढे ठेवता यावे, एवढे आयुष्य आणि दृष्टी श्रींनी द्यावी, अशी त्यांच्या चरणी प्रार्थना.